ट्रंकेत काय निघालं?

३ डिसेंबर २०२४, मंगळवार. ऑफिसात डबा उघडत होते तेवढ्यात आमच्या वाचनालयाच्या कार्यवाहांचा फोन आला. सासऱ्यांच्या काळापासून आमचं तिथं खातं आहे, त्यामुळे आधी वाटलं, एखादं पुस्तक परत द्यायचं राहिलं असणार.

"ताई, यंदा मराठी भाषा गौरव दिनाला आपण कथास्पर्धा घेतोय. चित्रावरून कथा. फक्त हौशी लेखकांसाठी. परीक्षक म्हणून याल का?"

"मी? अहो, माझ्या जेमतेम चार गोष्टी छापून आल्यात, त्याही दिवाळी अंकांत."

"त्या वाचल्यात आम्ही. शिवाय तुम्ही पुस्तकं वेळेवर परत करता."

हे दुसरं कारण त्यांनी इतक्या गंभीरपणे सांगितलं की मी हो म्हणून बसले.

जानेवारीत मी घाबरून 'कथास्पर्धेचं परीक्षण कसं करतात' असं शोधत होते, तेव्हा स्पर्धांच्या जाहिराती भरपूर सापडल्या, निकालांचे फोटोही सापडले. मधल्या दोन महिन्यांत परीक्षक घरी बसून नेमकं काय करतो, हे मात्र कुणी लिहिलेलं हाती लागलं नाही. म्हणून हा लांबलचक हिशोब.

हो म्हणण्याआधी काय विचारायला हवं होतं, ते हो म्हटल्यावर सुचलं. किती कथा येतील? शब्दमर्यादा काय? कथा छापून देणार की फाइली पाठवणार? निकाल कधी हवा? परीक्षक किती? दोघांचं जमलं नाही तर शेवटचा शब्द कुणाचा? मानधनाचं विचारायला मला तेव्हा लाज वाटली. विचारा. ते दीड हजार होतं आणि कार्यवाहांना सांगताना अजिबात लाज वाटली नाही.

८ डिसेंबरच्या रविवारी पहिली बैठक. आम्ही तिघं परीक्षक. एक मानसशास्त्राच्या निवृत्त प्राध्यापिका, त्यांना सगळे बाईच म्हणतात. दुसरे शाळेत तीस वर्षं मराठी शिकवलेले सर. तिसरी मी, विमा कंपनीत दाव्यांचे कागद तपासणारी. हे शेवटचं कौशल्य पुढे फार उपयोगी पडलं.

चित्रं तीन होती आणि तिन्ही फोटो वाचनालयाच्या खजिनदारांनी स्वतः काढलेले. हे मला आवडलं. नेटवरून उचललेलं चित्र स्पर्धेला लावलं की ते कुणाचं, परवानगी घेतली का, हे सगळं मागाहून गळ्यात येतं. पहिला फोटो जुलै २०२४ मधला: खडकवासला धरणातून पाणी सोडल्यावर बुडालेला पुण्यातला भिडे पूल आणि बॅरिकेडच्या अलीकडे हातात जेवणाचा डबा घेऊन पाठमोरा उभा असलेला माणूस. दुसरा: वाड्याच्या जिन्याच्या चौकात ठेवलेली पत्र्याची ट्रंक, कडीला कुलूप. तिसरा: भिंतीवर एक खिळा आणि त्याच्याखाली रंग न उडालेला चौकोन, जिथं वर्षानुवर्षं काहीतरी टांगलेलं असावं.

तिसऱ्या फोटोवर कार्यवाह साशंक होते. "यात आहे काय लिहिण्यासारखं?" बाईंनी तिथल्या तिथं एक छोटं व्याख्यान दिलं. १९३०च्या दशकात हार्वर्डमध्ये मरे आणि मॉर्गन यांनी एक चाचणी तयार केली. माणसाला चित्र दाखवायचं आणि त्यावर गोष्ट सांगायला लावायची. गोष्ट चित्राची कमी आणि सांगणाऱ्याची जास्त असते, हा त्यामागचा विचार. त्या संचात एकूण ३१ कार्डं आहेत आणि त्यातलं एक पूर्ण कोरं. "कोऱ्या कार्डावरसुद्धा लोक बोलतात, इथं निदान खिळा आहे," असं म्हणून बाईंनी चहा मागवला. फोटो राहिला.

खरी वादावादी गुणपत्रकावर झाली. छापील नमुन्यात आशय ३०, चित्राशी नातं २०, भाषा २०, रचना २०, शुद्धलेखन १० असं होतं. मी म्हटलं, शुद्धलेखनाला दहा गुण म्हणजे ज्याच्या घरात पुस्तकं होती त्याला दहा गुण. सरांना ते पटलं नाही. ऱ्हस्वदीर्घ म्हणजे शिस्त, असं त्यांचं म्हणणं. अर्धा तास गेला. शेवटी शुद्धलेखनाचे पाच करून उरलेले पाच 'चित्राशी नातं'मध्ये टाकले. हा पाच गुणांचा विषय लक्षात ठेवा, शेवटी परत येणार आहे.

नियमावलीत 'प्रवेशिकेचे सर्व हक्क संस्थेकडे राहतील' असंही एक वाक्य होतं, कुठल्या तरी जुन्या पत्रकातून जसंच्या तसं आलेलं. १९५७च्या कॉपीराइट कायद्याप्रमाणे लेखकाने लेखी, सहीनिशी दिल्याशिवाय हक्क असे जात नाहीत. 'एकदा छापण्याची परवानगी, हक्क लेखकाचेच' एवढं पुरतं. कार्यवाहांनी लगेच खोडलं. तुम्ही भाग घेणारे असाल तर हे वाक्य आधी वाचत जा.

मर्यादा १२०० शब्द, प्रवेशमूल्य ५० रुपये, मुदत १५ जानेवारी. संक्रांतीपर्यंत अकरा कथा आल्या होत्या. आम्ही तिघं खुशीत होतो. १५ तारखेला रात्री बारापर्यंत तो आकडा ६४ झाला.

तीन बाद झाल्या. एक कविता होती, एक ३४०० शब्दांची, आणि एक कार्यकारिणीतल्याच एकांच्या सूनबाईंची. उरल्या ६१. हाताने लिहिलेल्या १७, टाइप केलेल्या ४४. त्यातल्या नऊ फाइली उघडल्यावर 'मराठी' असं वाचता येईल असं काहीच दिसेना, नुसती चिन्हं. जुन्या फाँटात टाइप केलेल्या. वाचनालयातल्या मुलीने त्या नऊ जणांना फोन करून पीडीएफ मागवल्या. पीडीएफची अट पहिल्यापासून घालावी, हे आमच्या वहीत पहिलं टिपण.

दुसरं टिपण नावाबद्दल. कथेवर नाव नको, फक्त क्रमांक, असं ठरलं होतं. क्रमांक आणि नावांची यादी बंद पाकिटात, पाकीट कपाटात, किल्ली खजिनदारांकडे. इतकं करून मी एक वर्डची फाइल उघडली आणि तिच्या माहितीच्या चौकटीत लेखकाचं आडनावासकट नाव समोर! ते मी पाहिलं हे कळवून टाकलं आणि पुढच्या सगळ्या कथा छापूनच मागितल्या. वाचनालयाकडे प्रिंटर नव्हता, म्हणून माझ्या संचाची छपाई मीच अप्पा बळवंत चौकाजवळ करून घेतली. १८२ पानांचे ५४६ रुपये, स्पायरलचे ६०. पावती घ्यायला विसरले, त्यामुळे ते पैसे गेले. परीक्षकांनी पावती घ्यावी.

२० जानेवारीला वाचायला बसले.

पहिल्या दिवशी मी फार कडक होते. डोक्यात थोरामोठ्यांच्या कथा, हातात लाल पेन. क्र. १ ते ६ मध्ये कुणालाही पन्नासच्या वर गुण नाहीत. चौथ्या दिवशी क्र. २० च्या आसपास लक्षात आलं की आता मी पंचावन्न, साठ देते आहे आणि कथा काही बदललेल्या नाहीत. बदलले होते ते मी. हौशी माणूस रात्री जेवणं उरकल्यावर टेबलाशी बसून लिहितो तेव्हा काय लिहितो, याचा अंदाज यायला मला वीस कथा लागल्या होत्या. त्या अंदाजाची किंमत पहिल्या सहा जणांनी भरली. म्हणून ६१ संपल्यावर पहिल्या दहा पुन्हा वाचल्या, जुने गुण झाकून. क्र. ४ चे ४१ होते, ते ५८ झाले.

एका कथेला सरासरी बारा मिनिटं लागत होती. त्यात वाचणं, गुण आणि दोन ओळी टिपण. आयडियल कॉलनी ते सिव्हिल कोर्ट एवढ्या मेट्रोत एक कथा होते. पण मेट्रोत वाचणं मी तिसऱ्या दिवशी थांबवलं. शेजारचे गृहस्थ माझ्याबरोबर वाचत होते आणि मी पान उलटल्यावर म्हणाले, "जरा थांबा की."

घरीही गुप्तता पाळायची होती. सासूबाईंना ते जाचत होतं. रोज रात्री बाहेरच्या खोलीतून आवाज यायचा, "अगं, कोण जिंकतंय ते नको सांगूस. पण ट्रंकेत काय निघालं तेवढं तरी सांग."

ट्रंकेत पत्रं निघत होती. ६१ पैकी ३४ जणांनी ट्रंक निवडली होती आणि त्यातल्या २१ ट्रंकांत पत्रं होती. आजीची पत्रं, आजीला आलेली पत्रं, आजीने न टाकलेली पत्रं. पिवळी पडलेली, रेशमी दोऱ्याने बांधलेली. शेवटी नात खिडकीतून बाहेर बघते आणि डोळे पुसते. यातली एकेक कथा वाईट होती असं नाही. पण एकविसावी आजी येईपर्यंत मी पहिल्या आजीवरही चिडले होते, आणि त्या बिचारीचा काय दोष? तिच्या लेखिकेला थोडंच माहीत होतं की आणखी वीस जणी तीच ट्रंक उघडणार आहेत.

स्पर्धेत लिहिणाऱ्यांसाठी इथं एक सांगते. चित्र पाहिल्यावर जे पहिलं सुचतं ते बहुधा सगळ्यांनाच पहिलं सुचतं. दुसरं, चित्राचं वर्णन करण्यात पहिला परिच्छेद घालवू नका, चित्र आमच्यासमोर आहे. आम्ही 'चित्राशी नातं' तपासताना एकच प्रश्न विचारायचो: हे चित्र काढून घेतलं तर कथा उभी राहते का, आणि राहिली तर चित्र तिथं कशाला होतं? कित्येक कथांमध्ये ट्रंकेच्या जागी कपाट ठेवलं तरी काही बिघडत नव्हतं.

क्र. ८ मध्ये बिघडत होतं. त्या कथेत ट्रंक उघडतच नाही. वाडा बिल्डरकडे गेलेला, दोन भाऊ ती ट्रंक खाली उतरवताहेत आणि जिन्याच्या वळणावर ती अडकते. आडवी होत नाही, उभी होत नाही. मग ही वर गेली कशी? सगळी कथा त्या वळणावर, एक भाऊ वर, एक खाली, मध्ये ट्रंक. एकमेकांचा चेहरा दिसत नाही, म्हणून ते वाटणीबद्दल खरं बोलतात. वाचून झाल्यावर मी उठून पाणी प्यायले.

पुलाच्या फोटोवर १८ कथा होत्या आणि तिथं एक गंमत दिसली. नावं, वयं आम्हाला माहीत नव्हती, पण कथा वाचून वय कळत होतं. बुडालेला पूल पाहून काहींनी थेट १२ जुलै १९६१ गाठला होता. पानशेत धरण फुटलं, पाठोपाठ खडकवासला, आणि पाणी पेठांत शिरलं. बाकीच्यांना पूर म्हणजे २०२४चा जुलै, सिंहगड रस्त्यावर एकतानगरीत तळमजल्यांत शिरलेलं पाणी, दोरी धरून बाहेर काढलेली माणसं. फोटो एकच. एका कथेत पानशेतचं पाणी मध्यरात्री, गाढ झोपेत असलेल्या घरात शिरत होतं. प्रत्यक्षात शहरात पाणी आलं ते दिवसाउजेडी. मी गुण कापले. बाई म्हणाल्या, ललित आहे, चालायचं. सर म्हणाले, "मी तेव्हा आठ वर्षांचा होतो. आईने डाळीचं पातेलं चुलीवर तसंच ठेवून आम्हाला बाहेर काढलं. रात्र नव्हती." त्यांनी माझ्यापेक्षा दोन गुण जास्त कापले.

क्र. ३१ वाचताना दुसऱ्याच पानावर थबकले. आमच्या संध्याकाळी फिरायला जाणाऱ्या गटातल्या एकीने ही गोष्ट मला दिवाळीत सांगितली होती, पाणीपुरी खाताना. सगळी. मी कार्यवाहांना कळवलं आणि त्या कथेला माझे गुण धरायचे नाहीत, बाकी दोघांचेच धरायचे, असं ठरलं. निकाल लागेपर्यंत तिच्याशी फिरताना मी फक्त हवेबद्दल बोलत होते.

क्र. ३८ वेगळ्याच कारणाने अडली. एकही चूक नाही, वाक्यं गुळगुळीत, प्रत्येक परिच्छेदाच्या शेवटी एक सुविचार, आणि पुण्यातल्या वाड्यात एक 'अटारी', जिथं सूर्यकिरणांत धूळ नाचते. आमच्याकडे माळा असतो. तिघांनाही वाटलं, हे यंत्राकडून लिहून घेतलेलं असावं. पण वाटणं आणि सिद्ध करणं यात अंतर आहे, आणि उद्या एखाद्याने खरंच स्वतः तसं लिहिलेलं असेल तर? आरोप न करता गुणपत्रक भरायचं असं ठरवलं. चित्राशी नातं २५ पैकी ७. ती आपोआप मागे पडली. पुढच्या वर्षी 'कथा स्वतः लिहिली आहे' असं सहीचं प्रतिज्ञापत्र घ्यावं, एवढं मात्र सुचवलं आहे.

५ फेब्रुवारीला प्रत्येकाने आपापल्या बारा कथांची यादी पाकिटातून दिली. तिन्ही याद्यांत मिळून २३ कथा. पाच तिघांच्याही यादीत, तीन दोघांच्या, आणि उरलेल्या पंधरा कुणा एकाच्याच! मला वाटलं, म्हणजे आमचं काहीतरी चुकतंय. बाई म्हणाल्या, पाच सारख्या आल्या हेच पुष्कळ.

मग या २३ कथांचं दुसरं वाचन. या वेळी बाईंचा संच दोन दिवस उशिरा सुरू झाला. त्या सिंहगड रस्त्याला राहतात, तिकडं जानेवारीपासून जीबीएसची (गुलेन-बारे सिंड्रोम या मज्जातंतूंच्या आजाराची) साथ होती आणि सोसायटीत पाण्यावरून रोज बैठका चालल्या होत्या. दरम्यान सरांचा फोन आला. क्र. ४९ त्यांनी आधी कुठेतरी वाचली आहे, बहुतेक व्हॉट्सॲपवर. मी कथेतलं एक जरा अनवट वाक्य अवतरणचिन्हांत घालून शोधलं. दोन मिनिटांत मूळ सापडलं, फक्त नायकाचं नाव आणि गाव बदललेलं. २२ उरल्या. सुरुवातीलाच प्रत्येक कथेतलं एक वाक्य असं शोधून पाहायला हवं होतं.

१६ फेब्रुवारी, रविवार, दुपारी चार. शेवटची बैठक त्याच दिवशी होणं भाग होतं, कारण सरांना २१ तारखेच्या साहित्य संमेलनासाठी दिल्लीला निघायचं होतं. कार्यवाहांनी तिघांच्या गुणांची बेरीज फळ्यावर मांडली आणि क्र. ८ पहिली आली. मी गुण पाहत राहिले. काहीतरी खटकत होतं. ऑफिसात रोज हेच करते.

भिंतीच्या फोटोवर फक्त नऊ कथा होत्या, त्यातली क्र. २३. घर रंगवायला आलेला रंगारी आणि घरातली आत्या यांच्यातली घासाघीस, बस. खिळा काढायचा नाही आणि तो चौकोन रंगवायचा नाही, एवढंच आत्याचं म्हणणं. तिथं काय टांगलेलं होतं ते कथेत कुठेच येत नाही. शेवटी रंगारी बिलात लिहितो, 'एक चौकोन वजा'. ही माझी पहिली होती आणि बाईंचीही पहिली. तरी बेरजेत ती मागे.

आकडे असे. क्र. ८ ला मी ६९, बाईंनी ८८, सरांनी ९५. बेरीज २५२. क्र. २३ ला मी ७१, बाईंनी ९०, सरांनी ७८. बेरीज २३९. तिघांपैकी दोघांच्या मते २३ वरचढ, पण आम्ही दोघी दोन-दोन गुणांचा फरक करणाऱ्या आणि सर सतरा गुणांचा. माझे सगळे गुण ३४ ते ७१ मध्ये, बाईंचे ६० ते ९० मध्ये, सरांचे २८ ते ९५ मध्ये. ज्याची पट्टी लांब त्याचं मत जड, असा तो प्रकार झाला होता. सरांचा त्यात काही दोष नाही, पेपर तपासताना ते असेच गुण देत आले.

मी सुचवलं की गुण सोडा, क्रम घ्या. प्रत्येकाची पहिली, दुसरी, तिसरी मांडा आणि क्रमांकांची बेरीज करा, सगळ्यात कमी ती पहिली. क्र. २३ ची १, १, २ मिळून ४. क्र. ८ ची २, २, १ मिळून ५. सर बराच वेळ फळ्याकडे बघत होते. मग म्हणाले, "आत्याबाई जिंकल्या म्हणायच्या," आणि स्वतः उठून आधीची बेरीज पुसली. ही पद्धत वाचायला सुरुवात करण्यापूर्वीच ठरवायला हवी होती. आपली आवडती कथा मागे पडल्यावर हिशोबाची रीत बदला म्हणणं किती वाईट दिसतं, ते मला बोलताना जाणवत होतं. सर मोठ्या मनाचे, म्हणून निभावलं.

पाकीट फोडून नावं वाचली. ती सांगत नाही. एवढंच की, ज्या कथेला मी मनात 'नक्की कुणी तरुण मुलगी' म्हणत होते, ती एका निवृत्त बँक कर्मचाऱ्यांची निघाली.

२७ फेब्रुवारीला संध्याकाळी सहाला वाचनालयाच्या दिवाणखान्यात बक्षीस समारंभ. मराठीला अभिजात भाषेचा दर्जा मिळाल्यानंतरचा हा पहिलाच गौरव दिन, त्यामुळे अध्यक्षांचं भाषण त्यावर, पस्तीस मिनिटं. परीक्षकांचं मनोगत आठ मिनिटांत आटपा, अशी चिठ्ठी आली. मी बोलले, पत्रांच्या ट्रंका सांगितल्या, लोक हसले. ते सांगायला नको होतं, हे खाली उतरल्यावर कळलं. दुसऱ्या रांगेत एक बाई हसत नव्हत्या.

कॉफी घेताना एक गृहस्थ आले.

"मॅडम, माझी क्र. १९. निकष काय होते जरा सांगता का?"

मी गुणपत्रकाचे पाच भाग सांगितले.

"ते छापलेलं मी वाचलं. माझ्या कथेचं विचारतोय."

मला क्र. १९ आठवेना. ६१ कथा वाचलेल्या माणसाला हे व्हायचंच, पण समोर उभ्या माणसाला ते कसं सांगणार? मी म्हटलं, "तुमच्या कथेवर मी चार ओळी लिहून पाठवते." त्यांच्या मागे आणखी दोघं उभे होते, त्यांनीही ऐकलं. असं करता करता कार्यवाहांनी माइकवरून जाहीर करून टाकलं की सगळ्यांना लेखी अभिप्राय मिळेल.

मार्चचे पहिले दोन आठवडे त्यात गेले. टिपणं होती म्हणून बरं, नाहीतर सगळ्या पुन्हा वाचाव्या लागल्या असत्या. पहिल्या वाचनाचे बारा तास, दुसऱ्याचे नऊ, आणि हे सहा. कुणी परीक्षक व्हायला निघालं असेल तर हा आकडा धरून चाला.

आणि इथंच क्र. ५७ पुन्हा हातात आली. माझं टिपण होतं: 'भाषा बरी. घडत काहीच नाही. ४९.' ४ फेब्रुवारी, रात्रीचे साडेअकरा, वर वेळही लिहिली होती. अभिप्राय काय लिहावा म्हणून कथा चाळायला घेतली आणि शेवटपर्यंत वाचली. पुलाच्या फोटोवरची. डबा घेतलेला माणूस अलीकडे, आणि गोष्ट सांगतोय तो पलीकडच्या काठावरच्या इमारतीचा रात्रपाळीचा वॉचमन, ज्याच्यासाठी तो डबा आहे. दोघांना एकमेकं दिसतात. मधे पाणी. मग अलीकडचा फोन लावतो आणि डब्यात काय काय आहे ते पुडागणिक सांगत जातो, भाजी कशी झाली, तिखट किती, भाकरी गार झाली आहे का. पलीकडचा ऐकतो. संपली.

घडत काहीच नाही! मी ४९ दिले होते. बाईंना फोन केला. त्यांच्याकडे ६६ होते. सरांकडे ५१. तिघांच्याही बारांत नाही.

मग लक्षात आलं. तिघांचे संच एकाच क्रमाने बांधलेले होते, १ ते ६१. पहिल्या दहांशी आम्ही तिघंही कडक वागलो आणि शेवटच्या दहांपर्यंत तिघंही थकलेले पोहोचलो. पहिल्या दहा मी परत वाचल्या होत्या. शेवटच्या दहा वाचाव्यात हे एकालाही सुचलं नाही. प्रत्येकाचा संच वेगळ्या क्रमाने पिसून दिला असता तर ५७ निदान एकाच्या तरी ताज्या डोळ्यांपुढे आली असती. झेरॉक्सवाल्याला सांगायचं एवढंच काम होतं, एक पैसा जास्त लागला नसता.

कार्यवाहांना सांगितलं. ते म्हणाले, "ताई, निकाल जाहीर झाला. आता बदलता येत नाही." बरोबरच होतं त्यांचं. मी चार ओळींऐवजी दीड पान अभिप्राय लिहिला, त्यात कथा दमलेल्या डोळ्यांनी वाचली गेली हेही लिहिलं, आणि कथा कुठं कुठं पाठवता येईल ते लिहिलं. उलट उत्तर आलं, 'अभिप्राय मिळाला. आभारी आहे.' ६१ अभिप्रायांना उत्तरं आली नऊ. क्र. १९ च्या गृहस्थांचं तीन पानी आलं, मुद्देवार.

पाडव्यानंतर मानधनाचा धनादेश आला. माझ्या नावातली पहिली वेलांटी चुकलेली आणि आडनावात एक अक्षर कमी. बँकेतल्या मुलीने तो काचेखालून परत सरकवला, "मॅडम, नाव जुळत नाही, बदलून आणा." मी सरांना फोन केला. ते इतके हसले की त्यांना खोकला लागला. "दहाचे पाच तुम्हीच केलेत ना?"

नवा धनादेश ९ एप्रिलला मिळाला. या वेळी वेलांटी बरोबर होती. पोच दिली.